पडून राहण्याचा हिशेब

नाशिक रोडला सिन्नर फाट्याच्या अलीकडे बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याचे एक अरुंद दुकान आहे, आणि द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्याच्या बाकावर जो कोणी तासभर बसेल, त्याला पळसे, शिंदे, चेहेडी या अंगच्या शेतकऱ्यांच्या चिंता वेगळ्या विचाराव्या लागत नाहीत. छाटणीनंतर कोवळी फूट निघावी आणि तिच्यावर परतीचा पाऊस पडावा, की डाऊनी रोगाच्या धास्तीने फवारणीला मुदत म्हणून उरत नाही. मोठ्या बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरतो हे खरे, परंतु कडेच्या ओळी, नवी लागण, टोमॅटो-कोबीचा तुकडा यांना पाठीवरचा पंपच लागतो, आणि त्याच्या तळाशी बसविलेली 12 व्होल्टची बॅटरी नेमकी त्याच आठवड्यात दगा देते.

बॅटरी पुढे आली, की दुकानदार आधी मीटर लावतो, मीटर 12.4 व्होल्ट दाखवितो आणि गिऱ्हाईक आशेने पाहू लागते. परंतु विश्रांत स्थितीतल्या या आकड्यावर दुकानदाराचा तिळमात्र विश्वास नाही. मोटारीच्या हेडलाइटचा, सुमारे 5 अँपिअर खेचणारा दिवा तो बॅटरीच्या टोकांना जोडतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. धडधाकट बॅटरीवर हा दिवा तासभराच्या आसपास टिकतो. ‘बसलेली’ बॅटरी पाच-दहा मिनिटांतच 10.5 व्होल्टच्या खाली येते, आणि मग वादाला जागा राहत नाही.

बॅटरीवर छापलेले ‘8 एएच’ (अँपिअर-तास) हे आश्वासन 20 तासांच्या सावकाश वापराचे, म्हणजे 0.4 अँपिअरच्या हिशेबाचे असते. फवारणीची मोटर त्याच्या कितीतरी पट प्रवाह मागते, आणि प्रवाह वाढला की शिशाच्या साध्या बॅटरीची धारणशक्तीच आकसते. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये या आकसण्याचे सूत्र मांडले. तथापि पंपाच्या बॅटऱ्या खऱ्या मरतात त्या कामाने नव्हे, तर पडून राहण्याने. प्रवाह देताना पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक स्फटिक जमतात. वेळीच चार्जिंग झाले तर ते विरघळतात, आणि बॅटरी रिकामीच ठेवली तर वाढून असे कठीण होतात, की पुढे कोणत्याही चार्जरला दाद देत नाहीत. त्यातून तिचा मुक्काम पत्र्याच्या शेडात आणि महिना एप्रिल-मेचा असेल, तर विचारूच नये. तापमान दहा अंशांनी वाढले, की तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते.

म्हणूनच नवी बॅटरी मागणाऱ्याला हा गृहस्थ बाग किती एकर, हे विचारीत नाही, “पंप वर्षातून किती महिने पडून असतो?” हा त्याचा पहिला सवाल असतो.

लिथियमची, विशेषतः लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी वजनाने निम्म्याहून कमी भरते, याची जाहिरात फार होते; पण पाठीवर 16 लिटर पाणी घेतलेल्या माणसाला दीड किलोच्या सवलतीचे कौतुक ते किती असणार? तिचा खरा गुण हा, की अर्धी भरून ठेवली तर ती कित्येक महिने निमूट पडून राहते. मात्र तिचा चार्जर निराळा. तिला 14.6 व्होल्ट लागतात, तर तीन सेलांच्या दुसऱ्या जातीच्या लिथियमला 12.6 पुरतात; म्हणून जुन्याच चार्जरवर भागवू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदाराची हुज्जत होते, आणि ती योग्यच होते.

अमेरिकेत मिनेसोटातील मिल लॅक्स सरोवर हिवाळ्यात गोठते, तेव्हा तिथले मासेमार विजेच्या गिरमिटाने बर्फाला भोके पाडून गळ सोडतात. त्यांची चिंता नेमकी उलटी. शून्याखाली 18 अंशांना शिशाची बॅटरी निम्म्यावर येते, लिथियमही मंदावते, म्हणून ते जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवतात. आणि गोठणबिंदूखाली लिथियम चार्ज करीत नाहीत, कारण तसे केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर बसून ती कायमची बिघडते. आमच्या निफाडची थंडी महाराष्ट्रात गाजते खरी, बागाईतदार द्राक्षांसाठी पहाटे शेकोट्याही पेटवितात. पण चार-पाच अंशांवर हा निर्बंध लागू होत नाही. त्यांच्या बॅटरीची परीक्षा पौषात, आमच्या बॅटरीची वैशाखात, तीही काम नसताना.

एकदा या दुकानात पळशाहून आलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याला मी लिथियमच मिळेल असे धरून चाललो होतो. परंतु नेहमीचा सवाल येताच ते म्हणाले, “पडून कसला राहतो? अमावास्येला औत बंद असतं आमच्याकडं. त्या दिवशी पंप चार्जिंगला लावायचा, हा शिरस्ताच आहे.”

“मग काका, साधीच न्या. जादा पैसे कशाला घालता?”

जुनी बॅटरी काट्यावर चढली. शिशाला मोड म्हणून भाव असल्याने तिची वजावट मिळते. लिथियमच्या जुन्या गठ्ठ्याला या दुकानात अद्याप कोणी मोल देत नाही. वजावटीच्या आकड्यावर मात्र दोघांचे पटेना, आणि चहा येईपर्यंत घासाघीस चालू होती.