दोरी ज्याच्या हाती

दत्तजयंतीला साखळीच्या दत्तवाडीत जमणाऱ्या भाविकांना दत्तमहाराजांच्या पायांशी उभी असलेली चार कुत्री कोणी बोट करून दाखवावी लागत नाहीत. ते चार वेद होत, असे आपल्याला बालपणीच सांगितलेले असते. हे दैवत अखंड भ्रमंती करणारे आहे आणि त्या भ्रमंतीत मागून चालणाऱ्या चार श्वानांपैकी एकाच्याही गळ्यात दोरी नसते, ही गोष्ट मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. देवामागून चार कुत्री विनादोरी शिस्तीने चालतात. माणसाने परमुलखात तीन कुत्री दोरीला बांधून चालवायची म्हटली तरी कोणता प्रसंग ओढवतो, याचा अनुभव गेल्या डिसेंबरात आम्ही घेतला. चूक आमची होती आणि तिची झळ दुसऱ्याला लागली. म्हणूनच ती वाचकांसमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

घरच्या कुत्र्यांना बरोबर घेऊन प्रवासाला निघण्याची प्रथा आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. पूर्वी यजमान गावाला गेले की कुत्रे शेजाऱ्याच्या पडवीत राही. आता ते मोटारीच्या मागच्या आसनावर बसून निघते. मुक्या जीवाला मागे टाकून जाऊ नये ही भावना चांगलीच आहे, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आम्हीही त्याच भावनेने तीन कुत्री घेऊन सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करून सौंसरला आप्तांकडे गेलो होतो.

नागपूरहून उत्तरेस निघाले की सावनेरला दोन रस्ते फुटतात. एक पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, तरी घराघरांतली भाषा मराठीच राहिली. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, आणि सौंसर त्यात आले. बाहेरच्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी पांढुर्णा-सावरगावची गोटमार तेवढी ठाऊक असते. फार तर जामसावळीचा पहुडलेला मारुती. पण या मुलखाचे खरे वैभव म्हणजे संत्र्यांचे बगीचे. डिसेंबरात अंबिया बहाराची तोडणी उरकत आलेली असते, हवा थंड असते, आणि बगीच्यांमधून जाणाऱ्या पांदणी सकाळी चालणाऱ्याला मोह घालतात.

अशाच एका पांदणीने आम्ही कन्हान नदीच्या दिशेने निघालो. उजव्या मनगटाला दोन दोऱ्या, डाव्या हातात एक. गाव संपता संपता वेशीवरची चार-पाच कुत्री भुंकत सामोरी आली. त्यांचे काही चुकले नाही. ती आपली सीमा राखत होती. पण आमची तिन्ही एकाच वेळी तीन दिशांना झेपावली, दोऱ्या पायांत गुरफटल्या आणि आम्ही धुळीत पडलो. डाव्या हातातली दोरी सुटली. ती ज्याच्या गळ्यात होती तो आमचा वयाने सर्वांत वडील, घरी मांजराच्याही वाटेला न जाणारा कुत्रा बगीच्याच्या कुंपणातून पलीकडे गेला.

पलीकडच्या मोकळ्या शेतात कच्छकडच्या रबारी मेंढपाळांचा कळप बसला होता. या लोकांचे कळप कच्छमधून निघून विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशापर्यंत वर्षानुवर्षे फिरत असतात. शेतात मेंढ्या बसवल्या की शेतकऱ्याला खत मिळते आणि मेंढपाळाला काही धान्य वा पैसा. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा आमच्या कुत्र्याने एक कोकरू धरले होते. मेंढपाळाच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाने दोन्ही हातांनी त्याचा जबडा फाकवून कोकरू सोडवले आणि त्या झटापटीत त्याच्या मनगटाला दात लागला. कळपाची राखण करणारी त्यांची कुत्री मेंढ्या आणि परका यांच्यामध्ये उभी ठाकली. त्यांच्याही गळ्यात दोरी नव्हती, पण कळप सोडून ती पावलभरही पुढे आली नाहीत.

कोकरू दुपारपर्यंत मेले. त्याची किंमत आम्ही दिली. पण मुलाच्या आईने किमतीची गोष्ट काढलीच नव्हती. कुत्र्याला सुई टोचलेली आहे काय, एवढेच तिने विचारले. आम्ही होय म्हणालो, आणि मग आठवून पाहिले. पिसाळरोगाची वार्षिक लस चुकून चार महिने होऊन गेले होते. लसीची नोंदवही हजार किलोमीटर दूर घरच्या कपाटात होती.

जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, हे आम्हांस ठाऊक होते, तेवढे केले. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात मुलाला लस सुरू झाली. त्वचेत टोचायच्या या लसीचा क्रम पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असा असतो. गावात राहणाऱ्याला हा क्रम सोपा आहे. पण ज्याचे घर दर चार दिवसांनी पुढच्या शिवारात जाते, त्याने सातव्या दिवशी कोणत्या दवाखान्याचे दार ठोठवावे? त्या कुटुंबाने कळप पुढे पाठवला आणि आई मुलाला घेऊन मागे राहिली. चावणारे कुत्रे दहा दिवस ठणठणीत राहिले तर चावण्याच्या वेळी ते रोगाचा प्रसार करत नव्हते असे वैद्यकशास्त्र मानते. म्हणून आम्हीही परतीचा बेत रद्द करून सौंसरला थांबलो आणि ते दहा दिवस कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्याकडे पाहत काढले. कुत्रा निरोगी निघाला. पण त्या दहा दिवसांत त्या आईला झोप लागली असेल असे आम्हांस वाटत नाही.

आता यातून काढायचा बोध. पहिली गोष्ट अशी की तीन कुत्री म्हणजे एक कुत्रे तीन वेळा नव्हे. एकटे कुत्रे धन्याकडे पाहून चालते. तीन झाली की ती परस्परांकडे पाहून चालतात. एकाने कान टवकारले की तिघांचे रक्त तापते. घरच्या अंगणात हा गुण दिसत नाही, कारण तिथे धाव घेण्याजोगे काही नसते. मेंढपाळाची कुत्रीही अनेकच असतात; पण ती पिल्लूपणापासून मेंढ्यांत वाढलेली असतात आणि त्यांना नेमून दिलेले काम असते. आमच्यांना काम नव्हते. फिरायला नेणे एवढेच त्यांना ठाऊक. माणसाला हात दोन आहेत. त्याने परमुलखात दोनाहून अधिक दोऱ्या धरू नयेत. तिसरे कुत्रे न्यायचे असेल तर बरोबर दुसरा माणूस असावा. दोरी मनगटाला गुंडाळू नये, हेही आम्ही खरचटलेल्या कोपराने सांगतो.

दुसरी गोष्ट जंगलाची. सौंसर-पांढुर्ण्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे आणि छिंदवाड्याची जंगले पेंच व सातपुडा या दोन व्याघ्रप्रकल्पांना जोडतात. तिथे कुत्र्यांसह पायवाटेने जाणाऱ्यास धोका दुहेरी आहे. बिबट्याला कुत्रे हे आवडते भक्ष्य. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेला बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या एकूण भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के भरला. उलट कुत्र्यांकडून वन्य श्वापदांना जाणारा रोग त्याहून घातक. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. २०१८ साली गीरमध्ये मेलेल्या सिंहांतही तोच विषाणू सापडला. आपले लाडके कुत्रे निरोगी दिसते म्हणून त्याला म्हादईच्या वा मोल्याच्या जंगलवाटेवर मोकळे सोडणाऱ्या गोमंतकीयांनीही हे ध्यानी धरावे. अभयारण्यात कुत्रे न नेणे, हाच तिथला एकमेव सुरक्षित मार्ग होय.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पिसाळरोगाच्या बाबतीत गोव्याने देशाला वाट दाखवली आहे. दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस, शाळाशाळांतून शिक्षण आणि रोगावर सतत नजर, या तीन उपायांनी येथील माणसांचे पिसाळरोगाचे मृत्यू थांबले आणि कुत्र्यांतील रोगाचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. या कामगिरीचा आम्हांस अभिमान आहे. पण अभिमानातून निष्काळजीपणाही उपजतो. आपल्याकडे हा रोग राहिलेला नाही, मग एखादी लस चुकली तर काय बिघडले, असे आमच्याही मनाने घेतलेच असणार. आपल्या सीमेत मिळवलेली सुरक्षितता सीमेपलीकडे बरोबर येत नाही, आणि परतताना पलीकडचा रोग मात्र मोटारीतून घरी येऊ शकतो.

आपला तो बाब्या, ही म्हण कुत्रेवाल्यांना जितकी लागू पडते तितकी आईबापांनाही पडत नसेल. ‘आमचे काही करत नाही हो,’ हे वाक्य ज्याने उच्चारले नाही असा श्वानप्रेमी आम्ही पाहिलेला नाही. कायदा मात्र असे म्हणत नाही. आपल्या ताब्यातील जनावराने दुसऱ्यास इजा करू नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये गुन्हा आहे. सांभाळणे अवघड झाले म्हणून वाटेतच कुत्रे सोडून देणे हाही १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच ठरतो.

शासनाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. पर्यटनस्थळांच्या पायवाटांच्या तोंडाशी स्थानिक भाषेत स्पष्ट फलक असावेत आणि कुत्र्यांसह येणाऱ्या पाहुण्यांना उतरवून घेणाऱ्या निवासांनी लसीचा दाखला पाहिल्याशिवाय खोली देऊ नये. दुसरी मागणी कुत्रेवाल्यांसाठी नाही. भटक्या मेंढपाळांस, ऊसतोडणी कामगारांस आणि पोटासाठी फिरणाऱ्या प्रत्येकास श्वानदंशाची उरलेली लस एकाच कार्डावर कोणत्याही राज्यातील सरकारी दवाखान्यात विनासायास मिळाली पाहिजे. विषाणू राज्यांच्या सीमा मानीत नाही. लसीच्या कार्डानेही त्या मानू नयेत.

महाप्रस्थानास निघालेल्या युधिष्ठिरामागून हस्तिनापुरापासून एक कुत्रे चालत गेले, आणि त्याला टाकून स्वर्गात येण्यास त्याने नकार दिला, ही कथा श्वानप्रेमी मंडळी मोठ्या अभिमानाने सांगतात. ती सांगावीच. पण ज्याने सोबत घेतले त्याने अखेरपर्यंत जबाबदार राहावे, असा तिचा अर्थ आहे, आणि ही जबाबदारी केवळ कुत्र्यापुरती नाही. ते ज्या वेशीवरून, ज्या बगीच्यातून आणि ज्याच्या कोकरांजवळून जाणार, त्या सर्वांप्रतीही ती आहे. यंदा सहलीला निघण्यापूर्वी वाचकांनी कपाटातली ती नोंदवही काढून तारीख तेवढी पाहावी. आम्ही ती पाहिली असती तर सौंसरच्या शिवारात एका आईने विचारलेल्या प्रश्नाला आम्हांस मान खाली न घालता उत्तर देता आले असते.