बर्फावरील मासेमारीच्या तंबूच्या आतील लेपाची दुरुस्ती

बर्फावरील मासेमारीच्या तंबूच्या आतील लेपाची दुरुस्ती म्हणजे गोठलेल्या सरोवरांवर वापरल्या जाणाऱ्या तंबूच्या कापडावरील झिजलेला जलरोधक किंवा प्रकाशरोधक थर काढून त्या जागी नवा थर देण्याची प्रक्रिया होय. असे तंबू अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन ही राज्ये, कॅनडा तसेच उत्तर युरोपात वापरले जातात. लेप खराब झाला तरी कापड व सांगाडा बहुधा सुस्थितीत असतो. त्यामुळे योग्य दुरुस्तीने तंबूचे आयुष्य वाढवता येते.

पार्श्वभूमी

बर्फावर पूर्वी प्रामुख्याने लाकडी खोपटी ओढून नेली जात. १९८०च्या दशकात मिनेसोटातील डेव्ह गेन्झ यांनी तयार केलेल्या 'फिश ट्रॅप' या घडीच्या निवाऱ्यामुळे घसरगाडीवर बसवलेले हलके तंबू लोकप्रिय झाले. त्यानंतर लवचीक काड्यांच्या ताणावर उभे राहणारे तंबूही प्रचारात आले. सतत घड्या पडत असल्याने अशा तंबूंच्या कापडावर लाकडी खोपटाला न सोसावा लागणारा ताण येतो.

लेपाचे कार्य

तंबूचे कापड सामान्यतः पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे असते व त्याच्या आतील बाजूस बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ लेप असतो. हा लेप वितळलेल्या बर्फाचे पाणी व वारा अडवतो. अनेक तंबूंत तो काळा असतो. आत अंधार असला की बर्फाखालून येणाऱ्या प्रकाशामुळे भोकातील पाणी उजळलेले दिसते आणि मासे स्पष्ट दिसतात. मिनेसोटात भाल्याने पाइक मासे टिपण्याची पद्धत याच अंधारावर अवलंबून आहे.

झीज होण्याची कारणे

लेपाची मोठी हानी बर्फावर होत नाही, तर उन्हाळ्यातील साठवणीत होते. दमट व उष्ण हवेत पॉलियुरेथेनच्या लांब साखळ्या पाण्याच्या रेणूंमुळे तुटतात. या क्रियेस जलीय विच्छेदन म्हणतात. पॉलिएस्टर प्रकारच्या पॉलियुरेथेनमध्ये ही क्रिया पॉलिईथर प्रकारापेक्षा सहज घडते. परिणामी लेप प्रथम चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि शेवटी त्याचे पापुद्रे सुटतात. जुन्या पावसाळी कोटांचे व पाठपिशव्यांचे अस्तर चिकट होते, तेही अनेकदा याच कारणाने.

याखेरीज सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण, ओला तंबू गुंडाळून ठेवल्याने वाढणारी बुरशी आणि कडाक्याच्या थंडीत ताठर झालेले कापड घडी करताना पडणाऱ्या भेगा ही अन्य कारणे आहेत. काड्या जेथे कापडावर घासतात तेथे लेप सर्वांत आधी जातो.

तपासणी

दिवसा तंबू उभारून, सर्व झडपा बंद करून आत बसल्यास लेप गेलेल्या जागी प्रकाशाचे बारीक ठिपके दिसतात. कापडावर थोडे पाणी साचवून ठेवल्यास गळतीची जागा कळते. मात्र आतील भिंतीवरचे सर्वच पाणी गळतीचे नसते. श्वासातील व शेगडीतून निघणारी वाफ थंड कापडावर साचून थेंब पडतात. या दवाला गळती समजून लेप दिल्यास काहीही साध्य होत नाही. त्यावरील उपाय वायुवीजन हाच आहे.

दुरुस्तीची पद्धत

स्वच्छता : कापड कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन पूर्ण वाळवतात. धुलाई यंत्राचा वापर टाळतात.

सैल लेप काढणे : सुटलेले पापुद्रे मऊ ब्रशने काढतात. चिकट भागासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेले फडके वापरतात. तत्पूर्वी एका कोपऱ्यात रंग उतरतो का, हे पाहतात. पारदर्शक खिडक्या द्रावकाने धुरकट होऊ शकतात, म्हणून त्या झाकून ठेवतात. चिकट थरावर नवा लेप दिल्यास तो जुन्या थरासह सुटून येतो. त्यामुळे सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा लागतो.

लेपाची निवड : पॉलियुरेथेनच्या पृष्ठभागावर पॉलियुरेथेनचा व सिलिकॉनच्या पृष्ठभागावर सिलिकॉनचा लेप वापरतात. हे दोन्ही एकमेकांवर नीट चिकटत नाहीत. शंका असल्यास लहान भागावर लेप लावून वाळल्यावर तो नखाने सुटतो का, हे तपासतात.

लेपन : कापड ताणून सपाट ठेवतात व स्पंजाच्या ब्रशने एका जाड थराऐवजी दोन पातळ थर देतात. जाड थर घडीवर तडकतो. शिवणींना स्वतंत्रपणे शिवण-रोधक लावतात. लेप पूर्ण वाळल्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरल्यास घडीत कापड एकमेकांस चिकटत नाही.

पारदर्शक लेपाने जलरोधकता परत येते, परंतु अंधार परत येत नाही. त्यासाठी काळा लेप किंवा आतून काळ्या कापडाचे ठिगळ आवश्यक असते. अस्तर भरलेल्या उष्णतारोधक तंबूत लेप दोन कापडांच्या मध्ये असू शकतो. अशा वेळी शिवण उसवल्याशिवाय त्यापर्यंत पोहोचता येत नाही.

सुरक्षितता

द्रावके ज्वलनशील असल्याने हे काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर केले जाते. उत्तर अमेरिकेत तंबूंच्या कापडासाठी सीपीएआय-८४ हे ज्वलनरोधाचे मानक प्रचलित आहे. घरी दिलेल्या लेपाची या मानकानुसार चाचणी झालेली नसते, म्हणून दुरुस्त केलेला भाग शेगडीपासून दूर ठेवणे हितावह ठरते.

बर्फावरील तंबूंत प्रोपेन वायूच्या शेगड्या वापरल्या जातात. अपुऱ्या हवेत त्यांतून वर्णहीन व गंधहीन कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो व तो प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे लेप देताना किंवा भोके बुजवताना तंबूतील हवेचे झरोके कधीही बंद केले जात नाहीत.

साठवण व मर्यादा

हंगाम संपल्यावर तंबू उघडून पूर्ण वाळवणे व थंड, कोरड्या जागी सैल घडी करून ठेवणे, हा लेप टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तापणारे पोटमाळे साठवणीस अयोग्य असतात. लेप सर्वत्र चिकट झाला असल्यास किंवा कापड हाताने ओढताच फाटत असल्यास दुरुस्तीचा उपयोग होत नाही. अशा वेळी सांगाडा ठेवून केवळ कापडी आवरण बदलले जाते.