लोणार विरुद्ध शेगाव : कोणाचं डोकं भारी?

"माह्या मोबाइलातला बुद्धिबळवाला तुह्यापेक्षा भारी हाये!"

खामगाव असो की मेहकर, सुट्टीत दोन चुलतभाऊ भेटले की हे भांडण ठरलेलंच. मग दोन मोबाइल समोरासमोर येतात. याची चाल त्याच्यात, त्याची याच्यात. एक डाव होतो आणि हरलेला ओरडतो, "माहा फोनच जुना हाये!"

बहाणा वाटतो ना? पण त्याचं म्हणणं खरंही असू शकतं!

आपण बुद्धिबळ खेळणारे दोन प्रोग्रॅम मनातल्या मनात बनवू. एकाचं नाव 'लोणार', दुसऱ्याचं 'शेगाव'. शंकरपटात एका जोडीला कोरडी वाट आणि दुसरीला चिखल दिला, तर कुठले बैल वेगवान हे कसं कळणार? म्हणून दोन्ही प्रोग्रॅमना एकसारखा संगणक, एकसारखा वेळ. दोघे एकाच संगणकावर असतील तर आणखी एक काळजी घ्या. काही प्रोग्रॅम समोरच्याच्या वेळेतही गुपचूप विचार करत बसतात, म्हणजे त्याच्या वाट्याची ताकद पळवतात! ती सोय आधी बंद करायची.

मोठ्यांच्या जगातही यावरून वाद झाला. डिसेंबर 2017 मध्ये 'अल्फाझीरो' या प्रोग्रॅमने 'स्टॉकफिश' या दुसऱ्या प्रोग्रॅमशी 100 डाव खेळले. 28 जिंकले, 72 बरोबरीत, हार एकही नाही. जगभर टाळ्या! पण स्टॉकफिशच्या कर्त्यांपैकी एक, टॉर्ड रोमस्टाड, यांना अटी पटल्या नाहीत. प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट दिलं होतं. स्टॉकफिशला मात्र सोपी चाल झटकन खेळून वाचवलेला वेळ अवघड जागी वापरायला शिकवलेलं. ते कौशल्यच वाया गेलं. शिवाय तपासून झालेल्या स्थिती लक्षात ठेवायला त्याला मेमरी दिली फक्त 1 जीबी. मला तर ही तक्रार रास्त वाटते.

आता खरी गंमत. लोणार आणि शेगाव यांना नेहमीच्या मांडणीपासून खेळायला बसवलं, तर ते पुन्हा पुन्हा तोच डाव खेळू शकतात! तीच स्थिती, तीच आकडेमोड, तीच चाल. शंभर डाव मोजले तरी खरं पाहता एकच झाला. म्हणून पहिल्या काही चाली माणूस ठरवून देतो आणि प्रत्येक वेळी वेगळ्या देतो.

पण हे प्रोग्रॅम आता इतके तरबेज आहेत की समसमान सुरुवात दिली की बरोबरीच बरोबरी! यावर संगणकांच्या 'टीसेक' नावाच्या स्पर्धेतला उपाय भन्नाट आहे. तिथे मुद्दाम एका बाजूला झुकलेली, थोडी अन्यायाचीच सुरुवात देतात. मात्र तीच सुरुवात दोनदा खेळवतात : एकदा लोणारकडे पांढरे मोहरे, एकदा शेगावकडे. चांगली बाजू दोघांनाही मिळाली, वाईटही दोघांनाही. अन्याय वाटून घेतला की न्याय होतो, आहे ना मजा? पांढऱ्यांना पहिल्या चालीचा थोडा फायदा असतोच, म्हणून माणसांतही रंग बदलतात. 2025 च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत आपल्या विदर्भाची, नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांनी पहिल्या दोन डावांत एकेकदा पांढरे मोहरे घेतले. दोन्ही डाव बरोबरीत! मग 28 जुलैला जलद डावांत दिव्या जिंकली.

समजा, लोणारने 10 पैकी 7 डाव जिंकले आणि शेगावने 3. लोणार भारी? थांबा! एक नाणं 10 वेळा उडवा, निकाल लिहा आणि हे पुन्हा पुन्हा करा. एकच बाजू 7 किंवा त्याहून जास्त वेळा पडणं साधारण दर तिसऱ्या खेपेला घडतं. नाण्याला कुठे बुद्धिबळ येतं? हजार डावांत 700–300 झालं, तर मात्र तो नशिबाचा खेळ म्हणता येणार नाही. स्टॉकफिशमध्ये छोटीशी सुधारणा केली तरी ती उपयोगी आहे का हे ठरवायला हजारो डाव खेळवतात. त्यासाठी जगभरचे हौशी लोक आपापले संगणक उसने देतात.

अल्फाझीरोच्या मंडळींनीही 2018 मध्ये नव्या सामन्याचे निकाल छापले. या वेळी 1000 डाव, प्रत्येकाला 3 तास, वर दर चालीला 15 सेकंद, आणि स्टॉकफिशला 32 जीबी मेमरी. अल्फाझीरोने 155 जिंकले, 6 हरले, बाकी सगळे बरोबरीत.

डाव झाले की गुणांकन. ही पद्धत अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची. तुमचं गुणांकन समोरच्यापेक्षा 200 ने जास्त असेल, तर 100 डावांत साधारण 76 गुण तुमच्या पारड्यात पडावेत, असा तिचा हिशेब. संगणकांच्या याद्यांत 3500 च्या वरचे आकडे दिसतात. माणसांत मॅग्नस कार्लसनचा 2014 मधला 2882 हा विक्रम. पण या दोन आकड्यांची वजाबाकी करू नका. एलोचं गुणांकन आपापसांत खेळणाऱ्यांतच मोजलं जातं, आणि त्या याद्यांतले प्रोग्रॅम प्रोग्रॅमशीच खेळतात, कार्लसनशी नाही.