दुखापतीमुळे आखाड्याबाहेर बसलेल्या पैलवानाचं मोठेपण कमी होतं का? हेवीवेट क्लिच्को आणि आपल्या खाशाबांची गोष्ट

यात्रांचा हंगाम आला की मावळात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. सुदुंबरे, इंदोरी, तळेगाव या पट्ट्यातल्या कुस्तीशौकिनाच्या मोबाईलवर हगाम्याचं पोस्टर येतं. तो वरच्या इनामाच्या जोड्या वाचतो आणि विचारतो, "अरे, त्याचं नाव कुठाय? यंदा तो नाही का?"

उत्तर येतं, "गुडघा गेलाय त्याचा."

आणि मग वाद पेटतो. एक म्हणतो, "गुडघा-बिडघा काही नाही, घाबरलाय तो." दुसरा म्हणतो, "तो असता तर या सगळ्यांना अस्मान दाखवलं असतं." तिसरा विषयच संपवतो, "झालं आता त्याचं. नवीन पोरांचा जमाना आहे."

गंमत म्हणजे जगातल्या हेवीवेट बॉक्सिंगचे चाहते नेमकं हेच भांडण वर्षानुवर्षं घालत आलेत. मोठा बॉक्सर जखमी होऊन वर्ष-दोन वर्षं रिंगबाहेर राहिला की त्याचे चाहते आणि विरोधक एकमेकांवर तुटून पडतात. तो खरंच जखमी आहे की पळतोय? त्याचा किताब काढून घ्यावा का? आणि तो परत आलाच नाही तर त्याला 'महान' म्हणायचं की नाही?

या वादाचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे युक्रेनचा व्हिताली क्लिच्को. त्याची गोष्ट नीट पाहिली की आपल्याकडच्या पैलवानांबद्दलचा वादही सोपा होतो.

हेवीवेटमध्येच हा वाद जास्त का?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सर्वसाधारणपणे २०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ९०.७ किलोच्या वर वजन असलेला बॉक्सर हेवीवेट. वजनाला वरची मर्यादाच नाही. या गटातले वरच्या फळीचे बॉक्सर वर्षाला जेमतेम दोन-तीन लढती खेळतात. त्यामुळे एक खांदा किंवा एक गुडघा गेला की अख्खं वर्ष गेलं.

दुसरं कारण किताबाचं. बॉक्सिंगमध्ये किताबाचा पट्टा विजेत्याच्या कमरेला असतो आणि त्याला हरवल्याशिवाय तो सहसा दुसऱ्याकडे जात नाही. विजेताच जखमी होऊन घरी बसला, तर त्याच्या मागे रांगेत उभे असलेले सगळे ताटकळतात.

व्हिताली क्लिच्को: ४७ लढती, २ पराभव आणि दोन्ही दुखापतीने

व्हितालीने कारकिर्दीत ४७ व्यावसायिक लढती केल्या. त्यातल्या ४५ जिंकल्या, ४१ नॉकआऊटने. हरला फक्त दोन. आणि या दोन्ही वेळा लढत थांबली तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकेवर तोच पुढे होता.

पहिला पराभव १ एप्रिल २००० चा, बर्लिनमधला. समोर अमेरिकेचा ख्रिस बर्ड. १२ फेऱ्यांची लढत, नऊ झालेल्या आणि व्हिताली गुणांवर खूप पुढे. उरलेल्या तीन फेऱ्या नुसता उभा राहिला असता तरी बहुधा जिंकला असता. पण त्याच्या खांद्याचा स्नायुबंध फाटला होता आणि हात उचलणंही अवघड झालं होतं. नववी फेरी संपल्यावर तो स्टुलावर बसला आणि लढत सोडली. किताब गेला. अमेरिकेतल्या बॉक्सिंग जगताने त्याच्यावर 'मैदान सोडून पळणारा' असा शिक्का मारला.

दुसरा पराभव २१ जून २००३ चा, लॉस एंजेलिसमधला. समोर त्या काळचा जगज्जेता लेनॉक्स लुईस. सहा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांकडे व्हिताली ५८-५६ असा पुढे होता. पण डाव्या डोळ्यावर इतकी खोल जखम झाली होती की डॉक्टरांनी लढत थांबवली. व्हिताली थांबायला तयार नव्हता. चेहरा रक्ताने माखलेला, तरी तो "मला लढू द्या" म्हणत होता. जखमेला पुढे सुमारे ६० टाके पडले. हरूनही तो प्रेक्षकांचा हिरो झाला.

आता जरा विचार करा. माणूस तोच, आणि दोन्ही वेळा शरीर तुटलेलं. मग एकदा तो पळपुटा आणि एकदा शूर कसा ठरला?

फरक एवढाच की डोळ्यावरचं रक्त टीव्हीवर दिसत होतं. खांद्याच्या आत फाटलेला स्नायुबंध कुणाला दिसत नव्हता.

न दिसणारी दुखापत म्हणजे नेमकं काय?

कुस्ती आणि बॉक्सिंग या दोन्ही खेळांत सगळ्यात जास्त घात करणाऱ्या दुखापती बाहेरून दिसतच नाहीत.

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना बांधून ठेवणारा एक बंध असतो. डॉक्टर त्याला एसीएल म्हणतात. पाय मातीत रोवलेला असताना अंग फिरलं की तो फाटू शकतो. यातली फसवी गोष्ट अशी की सूज उतरल्यावर माणूस सरळ रस्त्यावर बऱ्यापैकी चालू शकतो. पण डाव मारायला झटकन वळला की गुडघा निसटतो.

म्हणजे असा पैलवान बाजारात फिरताना दिसतो, लग्नात दिसतो, मोटरसायकलवर दिसतो. आणि लोक म्हणतात, "चांगला हिंडतोय की! मग कुस्तीच का नको?"

एसीएलची शस्त्रक्रिया झाली तर आखाड्यात परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं. त्याआधी घाईने उतरलं तर तोच बंध पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो आणि गुडघ्यातल्या गाद्याही झिजतात. पायाला प्लास्टर असेल तर कुणी टोमणा मारत नाही. प्लास्टर नसलेल्या दुखापतीला मात्र टोमणे खावे लागतात.

२००५: किताब अडवून ठेवायचा का?

पुन्हा व्हितालीकडे येऊ. लुईस निवृत्त झाला आणि एप्रिल २००४ मध्ये कोरी सँडर्सला हरवून व्हिताली डब्ल्यूबीसीचा जगज्जेता झाला. डिसेंबरमध्ये त्याने डॅनी विल्यम्सविरुद्ध किताब राखला. पुढचा आव्हानवीर होता हसीम रहमान.

पण २००५ मध्ये ही लढत होता होईना. दुखापती एकामागोमाग एक आल्या आणि तारखा पुढे ढकलल्या गेल्या. शेवटी नोव्हेंबरमधल्या लढतीच्या तोंडावर गुडघ्याने दगा दिला आणि ३४ वर्षांच्या व्हितालीने निवृत्तीच जाहीर केली.

इथे चाहत्यांची एक तक्रार मात्र रास्त होती. व्हितालीची दुखापत खरी होती, पण रहमानचं वर्षही खरंच वाया जात होतं. जखमी माणसाला दोष न देता रांग पुढे कशी सरकवायची?

डब्ल्यूबीसीने मध्यममार्ग काढला. रहमानने आधी हंगामी किताब जिंकला होता, त्यालाच पूर्ण जगज्जेता केलं. आणि व्हितालीला 'मानद विजेता' असा दर्जा दिला. अर्थ असा की तो कधी परतलाच, तर त्याला थेट किताबासाठी लढता येईल.

बहुतेकांना वाटलं, संपला विषय. पण ११ ऑक्टोबर २००८ ला, जवळजवळ चार वर्षं एकही लढत न खेळलेला ३७ वर्षांचा व्हिताली बर्लिनमध्ये उतरला. समोर तेव्हाचा जगज्जेता, नायजेरियाचा सॅम्युएल पीटर. आठ फेऱ्यांनंतर पीटर स्टुलावरून उठलाच नाही. त्यानंतर व्हितालीने २०१२ पर्यंत नऊ वेळा किताब राखला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. आज तो युक्रेनची राजधानी कीव्हचा महापौर आहे.

तरी वाद संपलेला नाही. विरोधक म्हणतात, त्याने लुईसला कधी हरवलं नाही आणि ऐन भरातली वर्षं त्याने घरी काढली. चाहते म्हणतात, तो व्यावसायिक कारकिर्दीत एकदाही खाली पडला नाही आणि ती चार वर्षं मिळाली असती तर त्याचं नाव आणखी वर असतं.

आपला खाशाबा: गुडघ्याने हिरावलेलं ऑलिम्पिक

असाच 'असता तर' महाराष्ट्राच्याही वाट्याला आलाय. वजनगट वेगळा होता, पण दुखणं तेच, गुडघ्याचं.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सहावा, मग तिसरा. पुढची पायरी १९५६ चं मेलबर्न.

पण सराव करताना त्यांचा गुडघा गंभीर जखमी झाला आणि मेलबर्नची संधी हुकली. तोवर ते पोलीस दलात दाखल झाले होते. पुढचं आयुष्य त्यांनी पोलिसाच्या नोकरीत काढलं आणि १९८४ मध्ये रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

मेलबर्नला गेले असते तर काय झालं असतं? सुवर्ण? रौप्य? की काहीच नाही? याचं उत्तर कुणाकडेच नाही. पण त्या उत्तरावाचून काही अडतही नाही. कारण जे झालं तेच पुरेसं मोठं आहे. भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिअँडर पेसच्या रूपाने. म्हणजे ४४ वर्षं खाशाबा एकटे होते. आज १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

हुकलेल्या मेलबर्नने त्यांच्या हेलसिंकीतून काहीही वजा केलं नाही.

मग हिशेब करायचा कसा?

गोंधळ होतो कारण चाहते तीन वेगळे प्रश्न एकाच प्रश्नात कोंबतात. ते सुटे केले की निम्मं भांडण मिटतं.

१) त्याने काय केलं? याचं उत्तर नोंदीत आहे. कुणाशी लढला, कधी लढला, निकाल काय लागला. मोठेपण मोजायचं ते यावरच. बाहेर बसलेली वर्षं इथे शून्य धरायची. वजाही नाही आणि अधिकही नाही.

२) तो काय करू शकला असता? ही पारावरची चर्चा. करायला मजा येते, जरूर करावी. पण "तो असता तर" म्हणून आज जिंकलेल्याचा विजय छोटा ठरवू नये. जिंकलेला पोरगा हजर होता, हे त्याचंही कर्तृत्व आहे.

३) त्याची जागा कुणी अडवून ठेवलीय का? हा नियमांचा प्रश्न आहे, शौर्याचा नाही. आपल्या महाराष्ट्र केसरीत तो बऱ्यापैकी सुटलेला आहे. तिथे गदा त्या-त्या स्पर्धेच्या विजेत्याची असते. गेल्या वेळचा विजेता जखमी असला तरी नवी स्पर्धा होते, नवा केसरी ठरतो. आणि जुन्याच्या नावामागचं 'महाराष्ट्र केसरी' कायम राहतं. बॉक्सिंगला जे 'मानद विजेता' करून साधावं लागलं, ते आपल्याकडे आपोआप होतं.

टोमण्याची किंमत कोण मोजतं?

व्हितालीकडे पैसा होता, उत्तम डॉक्टर होते. गावोगावच्या फडांवर खेळणाऱ्या पैलवानाचं गणित वेगळं असतं. त्याची कमाई म्हणजे यात्रांच्या हंगामातली इनामं. हंगाम हुकला तर इनाम बंद, पण खुराकाचा आणि दवाखान्याचा खर्च चालूच. घरची ओढाताण त्याला आधीच आखाड्याकडे ढकलत असते. त्यात "घाबरला" हा शब्द कानावर आला की पोरगं अर्ध्या बऱ्या गुडघ्याने लांग चढवतं.

आणि मग जो गुडघा वर्षभरात बरा झाला असता, तो आयुष्यभरासाठी जातो. चाहत्याची पोस्ट संध्याकाळपर्यंत खाली सरकलेली असते.

म्हणून पुढच्या वेळी पोस्टरवर ओळखीचं नाव दिसलं नाही, तर एवढंच विचारायला हरकत नाही, "बरा आहे ना? वस्ताद काय म्हणतात, कधी उतरणार?"

राहिला वारशाचा प्रश्न. सुदुंबरे गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग संताजींनी लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. पैलवानाचंही तसंच असतं. कोण काय म्हणालं हे चार दिवसांत विरून जातं, त्याने खेळलेल्या कुस्त्यांची नोंद मागे राहते. तेव्हा आपल्या गावच्या मल्लाने कुठल्या यात्रेत कुणाशी कशी कुस्ती केली, हे कुठेतरी लिहून ठेवा. तो जखमी होऊन घरी बसलेला असेल, तेव्हा ती नोंदच त्याच्या बाजूने बोलेल.