लघवीतले रक्त आणि रक्तवाहिन्यांचा दाह

मूत्रपिंडाचा आजार म्हटले की मधुमेह, उच्च रक्तदाब आणि मुतखडा ही नावे चटकन आठवतात. काही रुग्णांत मात्र कारण वेगळेच असते. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते, त्यांना सूज येते आणि मूत्रपिंड त्यात सापडते. याला व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह म्हणतात. आजार विरळ आहे, पण ओळखायला उशीर झाला तर काही आठवड्यांत डायलिसिसची वेळ येते.

प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचे सुमारे 10 लाख गुच्छ असतात. ‘अँका’ नावाची प्रतिद्रव्ये पांढऱ्या पेशींना भडकवतात आणि त्या पेशी या नाजूक वाहिन्यांच्या भिंती फोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली गुच्छाभोवती चंद्रकोरीसारखा थर दिसतो. एवढे होऊनही पोट किंवा कंबर बहुधा दुखत नाही आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा आकार नेहमीसारखाच दिसू शकतो.

फसगत होते ती इतर लक्षणांमुळे. महिनाभर रेंगाळणारा ताप, घटलेले वजन, खोकल्यातून रक्त, छातीच्या एक्स-रेत डाग. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो रास्तही आहे. पण बेडक्यात क्षयाचे जंतू सापडत नसतील आणि सोबत नाकातून रक्ताच्या खपल्या पडणे, कान वाहणे, सांधेदुखी किंवा पायांवर जांभळे पुरळ असेल, तर व्हॅस्क्युलायटिसचा विचार व्हायला हवा. क्षयाची औषधे मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणीकडूनही रुग्ण येतात. आधी गावातला दवाखाना, मग तालुका, मग शहर, या प्रवासात आठवडे जातात. म्हणूनच पहिल्याच दवाखान्यात होणारी लघवीची साधी तपासणी मोलाची ठरते. लघवीत प्रथिने आणि रक्तपेशी असतील व रक्तातील क्रिएटिनिन दर आठवड्याला वाढत असेल, तर थांबायला वेळ नसतो. अँकाची चाचणी आणि मूत्रपिंडाची बायोप्सी यांतून निदान पक्के होते. काही रुग्णांत अँका नसतोही, त्यामुळे केवळ एका अहवालावर आजार नाकारता येत नाही.

मोठ्या धमन्यांचा दाह मूत्रपिंडाला निराळ्याच वाटेने गाठतो. जपानी नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी 1908 मध्ये मांडलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आजार प्रामुख्याने तरुण स्त्रियांत दिसतो. यात मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अरुंद होऊ शकते. रक्त कमी पोहोचल्याने मूत्रपिंड दाब वाढवणारे रेनिन स्रवते आणि रक्तदाब भडकतो. लघवी मात्र स्वच्छ असू शकते. त्यामुळे विशी-तिशीतील मुलीचा रक्तदाब वाढलेला आढळला, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून देऊ नये. तिच्या दोन्ही हातांचा रक्तदाब मोजावा, दोन्ही मनगटांची नाडी पाहावी. दोन्हींत मोठा फरक असेल तर धमन्यांची तपासणी आवश्यक ठरते.

अँकाचा शोध 1982 मध्ये ऑस्ट्रेलियात लागला. त्याआधीच्या काळात, उपचारांअभावी, लहान वाहिन्यांच्या या दाहाचे बहुतेक रुग्ण वर्षभरात दगावत. आज स्टिरॉइडसोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब वेळेत मिळाले तर बहुतेकांचा दाह आटोक्यात येतो. या औषधांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि आजार पुन्हा उलटू शकतो. म्हणून बरे वाटले तरी गोळ्या मनाने सोडू नयेत आणि तपासण्या चुकवू नयेत. गाळणीचे जे गुच्छ कायमचे निकामी झाले, ते कोणतेही औषध परत आणू शकत नाही. जे वाचते, ते लवकर झालेल्या निदानामुळेच.

लांबलेला ताप असो वा कमी वयातला रक्तदाब, लघवीची तपासणी, क्रिएटिनिन आणि दोन्ही हातांचा रक्तदाब या तीन गोष्टी डॉक्टरांकडे आवर्जून मागाव्यात.