अल्प आज्ञा, अधिक वेग : प्रा. डेव्हिड पॅटरसन यांचे संगणककार्य

जमिनीचे अभिलेख, शाळांचे निकाल, बँकांतील खाती ही सर्व कामे आज संगणकावर होतात. या यंत्रात माहितीवर प्रत्यक्ष प्रक्रिया करणारा जो चिमुकला भाग असतो, त्यास प्रोसेसर म्हणतात. त्याची रचना कशी असावी, याचा विचार करणारे शास्त्र म्हणजे संगणक-स्थापत्य होय. या शास्त्राला नवी दिशा देणाऱ्यांत अमेरिकेतील प्रा. डेव्हिड पॅटरसन यांचे स्थान अग्रभागी आहे.

१९४७ साली इलिनॉय राज्यात जन्मलेल्या पॅटरसन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेतून १९६९ मध्ये गणिताची पदवी आणि १९७६ मध्ये डॉक्टरेट संपादन केली. त्याच वर्षी ते बर्कली येथे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि चाळीस वर्षे तेथेच राहिले.

प्रोसेसरला जितक्या अधिक व गुंतागुंतीच्या आज्ञा समजतील तितका तो श्रेष्ठ, अशी त्या काळी समजूत होती. प्रत्यक्ष मोजणी केली असता मात्र असे आढळले की, बहुतेक काम मोजक्या, साध्या आज्ञांवरच भागते. यातूनच १९८० च्या सुमारास 'रिस्क' अर्थात संक्षिप्त आज्ञासंचाची कल्पना आकारास आली. १९८२ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या 'रिस्क-१' प्रोसेसरमध्ये सुमारे ४४ हजार ट्रान्झिस्टर व जेमतेम तीसएक आज्ञा होत्या. एका कामासाठी आज्ञा थोड्या अधिक लागतात हे खरे. परंतु प्रत्येक आज्ञा त्वरेने पार पडत असल्याने एकूण वेळ वाचतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रा. जॉन हेनेसी याच दिशेने संशोधन करीत होते. आजच्या मोबाइल फोनमधील प्रोसेसर याच तत्त्वावर चालतात. या कार्याबद्दल उभयतांना २०१७ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

पॅटरसन यांचे दुसरे कार्य माहितीच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. १९८८ मध्ये गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांच्यासह त्यांनी 'रेड' ही पद्धती मांडली. एक मोठी, महाग डिस्क वापरण्याऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, हे तिचे सूत्र. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे उदाहरण घेऊ. चार वॉर्डांची वसुली व तिची एकूण बेरीज नोंदलेली असेल, तर एका वॉर्डाचा आकडा पुसला गेला तरी उरलेल्या आकड्यांवरून तो काढता येतो. तद्वत, एक डिस्क निकामी झाली तरी इतर डिस्कांवरून माहिती पुन्हा उभी करता येते.

२०१० मध्ये बर्कली येथे 'रिस्क-फाइव्ह' या आज्ञासंचाचे काम सुरू झाले. त्यातही पॅटरसन सहभागी होते. प्रोसेसर निर्मात्यास एरवी आज्ञासंचाच्या मालक कंपनीकडून परवाना घ्यावा लागतो. रिस्क-फाइव्ह मात्र सर्वांस विनामूल्य खुला आहे. मद्रास येथील आयआयटीचा 'शक्ती' आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर याच आज्ञासंचावर आधारलेले आहेत. केंद्र शासनाने एप्रिल २०२२ मध्ये यासाठी स्वतंत्र कार्यक्रमही जाहीर केला.

आज्ञासंच खुला झाला म्हणजे प्रोसेसर आपोआप तयार होतो असे नव्हे. त्याची रचना करणारे अभियंते घडवावे लागतात आणि ते काम वर्गातूनच सुरू होते. रिस्क-१ घडविणारे हातही विद्यार्थ्यांचेच होते, हे या संदर्भात ध्यानी घेण्यासारखे आहे.