पोथीत दडलेले तेरावे शतक

यवतमाळ शहराजवळच्या लोहाऱ्यातून जिल्ह्यात कुठल्याही दिशेने निघा, वाटेत कुठे ना कुठे हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे एखादे जुने देऊळ भेटते. चुन्याविना एकात एक बसवलेले ते दगड शेकडो वर्षे उभे आहेत. पण या देवळाच्या ओसरीवर मुक्कामाला कोण उतरायचे, ते काय रांधायचे, कशावरून भांडायचे, हे दगडाला सांगता येत नाही. शिलालेख तरी काय सांगणार? राजाचे नाव, दान आणि शक.

आश्चर्य असे, की यादवकाळातल्या या साऱ्या गोष्टी एका पोथीत लिहिलेल्या सापडतात, आणि त्या लिहिणाऱ्याला इतिहास लिहायचाच नव्हता. त्याला आपला देव आठवून ठेवायचा होता.

ती पोथी म्हणजे ‘लीळाचरित्र’, महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे चरित्र. परंपरा सांगते, की ते भडोचच्या प्रधानाचे पुत्र. जुगारात हरले, पत्नीने दागिने द्यायचे नाकारले, मन संसारातून उडाले आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले. वाटेत अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला त्यांना गुरू गोविंदप्रभू भेटले. देवाच्या चरित्रात जुगाराची उधारी! भक्ताने ती झाकली नाही, म्हणून आपल्याला तेराव्या शतकातले एक सुखवस्तू घर आतून पाहायला मिळते.

हे चरित्र कसे तयार झाले, ते तर आणखी थक्क करणारे आहे. चक्रधर १२७४ च्या सुमारास उत्तरेकडे निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा. मागे राहिलेले शिष्य रिद्धपूरला पंथाची धुरा घेतलेल्या नागदेवाचार्यांभोवती जमले. त्यांच्यात म्हाइंभट होते. हे मोठे पंडित. चक्रधरांना वादात हरवायला आले आणि शिष्य होऊन राहिले. स्वामींच्या आठवणी विरून जातील, या धास्तीने त्यांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून एकेक प्रसंग विचारून घेतला. १२७८ च्या आसपास ग्रंथ आकाराला आला. आज ज्याला मौखिक इतिहास म्हणतात, तो म्हाइंभट साडेसातशे वर्षांपूर्वी मराठीत करत होते.

या साक्षीदारांत बायका होत्या: बाइसा, महदाइसा आणि कितीतरी जणी. नागदेवाचार्यांचे शिष्य केशोबास यांना संस्कृतात लिहायचे होते, तेव्हा पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील म्हणून गुरूंनी त्यांना अडवल्याची आठवण पंथाने जपली आहे. ताम्रपटात ज्यांचा आवाज क्वचितच उमटतो, त्या बायका इथे प्रश्न विचारतात, रुसतात, स्वयंपाक करतात, स्वामींशी हुज्जत घालतात.

पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असे परंपरा सांगते. ज्यांना ती तोंडपाठ होती, त्यांनी ती पुन्हा उभी केली. साहजिकच पाठ वेगवेगळे झाले. पण गंमत पाहा, नंतरच्या पोथीकारांनी हे फरक पुसून टाकले नाहीत. अमुकाच्या आठवणीत हा प्रसंग असा, तमुकाच्या आठवणीत तसा, असे ते नोंदवत गेले. श्रद्धेने भारलेली माणसे पुराव्याबाबत इतकी काटेकोर!

आता या पोथ्यांची रहस्यकथा. इटालियन लेखक उंबेर्तो एको यांची १९८० ची ‘द नेम ऑफ द रोझ’ ही कादंबरी १३२७ सालच्या एका मठात घडते आणि दडवलेल्या एका ग्रंथाभोवती फिरते. साधारण त्याच शतकात आपल्याकडे महानुभावांनी आपली ग्रंथसंपदा सांकेतिक लिप्यांत बंद केली. त्यांतली सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, आणि किल्ली फक्त पंथाच्या हाती. परिणाम असा, की हे गद्य मठांत शतकानुशतके शाबूत राहिले आणि बाहेरच्या मराठी वाचकाला त्याचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा अभ्यासकांमुळे हे कुलूप उघडले. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी याच साहित्याचा शोध घेत ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या शारदाश्रमामुळे यवतमाळ हे संशोधनाचे एक ठिकाण झाले. पुढे नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्र’ संपादित केले.

मग अशी पोथी इतिहास म्हणून कशी वाचायची? चमत्कार घडला की नाही, यावर अडून बसलात तर हाती काही लागत नाही. चमत्कार हा लेखकाला पटवून द्यायचा मुद्दा असतो. तिथे तो आग्रही असणारच. पण तो प्रसंग सांगताना त्याच्या हातून जे सहज लिहून जाते, म्हणजे नदी कुठून ओलांडली, देवळाच्या कोणत्या बाजूला बिऱ्हाड होते, पानात काय वाढले, कोणाच्या हातचे कोणी खाल्ले नाही, त्याबद्दल खोटे सांगण्यात त्याचा काही लाभ नसतो. इतिहासाचे खरे घबाड या बेसावध तपशिलांत असते.

फ्रान्समध्ये हेच घडले. बिशप झाक फूर्निए यांनी १३१८ ते १३२५ दरम्यान पाखंडी शोधण्यासाठी लोकांच्या जबान्या घेतल्या. हेतू धर्माचा होता. त्याच दप्तरातून एमान्युएल ल रॉय लादुरी यांनी १९७५ मध्ये मोंतायू या डोंगराळ गावाचे चरित्र उभे केले: मेंढपाळ, प्रेमप्रकरणे, उवा काढत रंगणाऱ्या गप्पा, सगळे.

अर्थात एका पोथीवर विसंबून चालत नाही. तिचे म्हणणे शिलालेखांशी, विरोधकांच्या लिखाणाशी, जमिनीवरच्या खुणांशी ताडून पाहावे लागते. त्यासाठी महानुभावांनीच एक साधन देऊन ठेवले आहे. ‘स्थानपोथी’त स्वामींच्या वास्तव्याची ठिकाणे दिशांसकट नोंदली आहेत, ती हातात घेऊन आजही जुनी देवळे शोधता येतात.

ऐतिहासिक कादंबरीलाही हीच चाळणी लावता येते, फक्त उलट्या बाजूने. तिच्यातला तपशील लेखकाने मुद्दाम, विचार करून पेरलेला असतो. म्हणून ‘स्वामी’ किंवा ‘छावा’ आपल्याला माधवरावांच्या वा संभाजीराजांच्या काळाइतकेच १९६२ आणि १९७९ च्या महाराष्ट्राबद्दलही सांगतात: तेव्हाच्या वाचकाला कसा नायक हवा होता, हे. पोथी, चरित्र, कादंबरी, तिन्ही साक्षीदारच आहेत. प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारायचा, आणि न विचारता मिळालेले उत्तर आधी टिपून घ्यायचे.